छायेची साक्ष

रुग्णालयाच्या जिन्यापाशीं उभे असलेले नातेवाईक एकमेकांना जो पहिला प्रश्न विचारतात तो हल्लीं बहुधा "डॉक्टर काय म्हणाले?" असा नसतो, "सीटींत काय आलें?" असा असतो. या प्रश्नांतील क्रियापद लक्षांत घेण्यासारखें आहे. डॉक्टर म्हणतो तेव्हां तें त्याचें मत असतें. मत चुकूं शकतें, दुसऱ्या डॉक्टराचें मत निराळें पडूं शकतें. सीटींत मात्र 'येतें'. परीक्षेच्या निकालांत यावें किंवा जन्मपत्रिकेंत यावें तसें. तें कोणीं म्हटलेलें नसतें, म्हणून त्याच्याशीं वाद घालण्याचें कोणाला सुचत नाहीं. "मेंदूचा सीटी नॉर्मल आहे" एवढें ऐकून माणसें घरीं जाऊन पोटभर जेवतात, आणि "सीटींत काळें दिसतें" एवढें ऐकून त्यांचे पाय गळून जातात. दोन्ही वेळां, तें चित्र काय सांगण्यास समर्थ आहे आणि काय सांगण्यास समर्थ नाहीं, याची चौकशी मात्र झालेली नसते.

ही चौकशी वैद्यकाची आहे, विचारवंतांनीं तींत नाक खुपसण्याचें कारण नाहीं, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. पायाच्या हाडाचें चित्र काढलें आणि त्यांत मोड दिसला, कीं तेथें प्रश्न संपतो. कारण आपण हाडच शोधीत असतों आणि हाडच सांपडतें. मेंदूच्या चित्रांत आपण मेंदू शोधीत नसतों, माणूस शोधीत असतों. हा आंत आहे का? याला कळतें का? हा परत येईल का? आणि प्रसंग फारच कठीण असला तर, याला जगवावें कीं जाऊं द्यावें? हे प्रश्न ज्या कागदाला आपण विचारतों तो कागद मुळांत कशाचा बनला आहे, हें पाहणें म्हणूनच नीतिविचाराचेंहि काम आहे.

राँटगेननें १८९५ मध्यें क्ष-किरणांचा शोध लावला तेव्हां शरीराचीं सर्व दारें उघडलीं असें लोकांना वाटलें. पण कवटीचें दार बंदच राहिलें. हाडाची छाया इतकी गडद पडते, आणि तिच्या आंतील मऊ भागांत परस्परांत फरक इतका थोडा असतो, कीं साध्या चित्रांत कवटी दिसे, मेंदू दिसत नसे. मग वैद्यांनीं आडवाटा काढल्या. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यानें १९१८ मध्यें मेंदूंतील पोकळ्यांत हवा भरून त्यांचा आकार चित्रांत उमटविला. या पद्धतीनें रोग्याला जी डोकेदुखी व जे उमाळे येत त्यांचीं वर्णनें वाचवत नाहींत. लिस्बनच्या एगास मोनिझनें १९२७ मध्यें रक्तवाहिन्यांत रंजक द्रव्य सोडलें. दोघांनाहि मेंदू दिसत नव्हता. मेंदूशेजारचें कांहीं तरी दिसत होतें, आणि त्याच्या वांकड्यातिकड्या रेषांवरून ते मेंदूविषयीं तर्क करीत होते.

हें दार ज्यानें उघडलें तो वैद्य नव्हता. गॉडफ्री हाउन्सफील्ड हा इंग्लंडांतील ईएमआय कंपनींतला अभियंता. ईएमआय म्हणजे तीच कंपनी, जिच्या जुन्या तबकड्यांवर कर्ण्यापुढें कान टवकारून बसलेला कुत्रा आपल्या वडिलांच्या पिढीनें घरोघर पाहिला. लंडनजवळील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत १ ऑक्टोबर १९७१ या दिवशीं त्याच्या यंत्रानें पहिल्या रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें, आणि १९७९ मध्यें त्याला व ॲलन कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाला विभागून नोबेल पारितोषिक मिळालें. कर्ण्यांतून येणारा आवाज धन्याचा आहे हें त्या कुत्र्याला कळतें. धनी तेथें नाहीं हें कळतें कीं नाहीं, हें चित्रकारानें सांगितलेलें नाहीं. हाउन्सफील्डच्या यंत्रापुढें आपण सारे कांहींसे तसेच बसलों आहों.

या यंत्राची युक्ति अशी. डोक्याच्या एका आडव्या कापांतून अनेक दिशांनीं किरण पाठवावयाचे आणि पलीकडे प्रत्येक किरण किती क्षीण होऊन बाहेर पडला तें मोजावयाचें. मग त्या कापाचे लहान लहान चौकोन कल्पून, प्रत्येक चौकोनानें किती किरण शोषला असेल तें संगणकानें गणितानें काढावयाचें. पहिल्या यंत्रांत असे चौकोन ऐंशीं गुणिले ऐंशीं, म्हणजे ६,४०० होते. आज ते कितीतरी अधिक असतात. प्रत्येक चौकोनाला एक आंकडा मिळतो. या मापांत पाण्याला शून्य, हवेला उणें एक हजार, आणि दाट हाडाला एक हजार किंवा त्याहूनहि अधिक असा आंकडा पडतो. मेंदूचा करडा भाग व पांढरा भाग यांच्या आंकड्यांत फरक असतो तो फार तर दहा-बाराचा. ताजें सांकळलेलें रक्त त्यांच्या वर, पाणी त्यांच्या खालीं. हे आंकडे कागदावर रंगवितांना मोठ्या आंकड्याला पांढरा व लहान आंकड्याला काळा रंग द्यावयाचा, आणि किती आंकड्यापासून किती आंकड्यापर्यंत छटा पसरावयाच्या तें आपल्या सोयीनें ठरवावयाचें. म्हणजे 'सीटींत काळें दिसतें' यांतील काळेपणा मेंदूचा नव्हे. तो आपण नेमून दिलेला आहे.

तेव्हां या चित्राचें म्हणणें खरें पाहतां एकच आहे: या ठिकाणीं किरण इतका शोषला गेला. बाकी सारें अनुमान. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर चित्र हा धूर आहे. अग्नि आपण त्यावरून ओळखावयाचा आहे.

कांहीं बाबतींत हें अनुमान इतकें पक्कें असतें कीं तें अनुमान आहे याचा विसर पडावा. रस्त्यावर पडून डोक्याला मार लागलेला माणूस बेशुद्ध होत चालला आहे. कांहीं मिनिटांत चित्र निघतें. कवटीच्या आंत एका कडेला पांढरी चकती दिसते. शल्यवैद्य भोंक पाडून रक्त काढतो आणि माणूस आठवड्यानें पायीं घरीं जातो. १९७१ पूर्वीं असा माणूस कित्येकदां, रक्त कोणत्या बाजूला आहे हें कळण्याआधींच दगावत असे. या उपकाराबद्दल कृतज्ञ न राहतां जो यंत्रांना नांवें ठेवतो, त्यानें अशा प्रसंगीं आपल्या मुलाला यंत्राविना वैद्याकडे न्यावें.

पण याच यंत्राची दुसरी बाजू पाहा. अर्धांगाचा झटका दोन कारणांनीं येतो: रक्तवाहिनी फुटून, किंवा ती गुठळीनें बंद होऊन. फुटली असेल तर चित्रांत लगेच दिसतें. बंद झाली असेल तर पहिल्या कांहीं तासांत चित्र पुष्कळदां अगदीं निर्मळ येतें. रोग्याचा हात लुळा पडला आहे, वाचा गेली आहे, मेंदूच्या पेशी दर मिनिटाला मरत आहेत, आणि चित्र म्हणतें कीं येथें कांहीं नाहीं! तरीहि डॉक्टर तें चित्र घेतोच. कारण रक्तस्राव नाहीं एवढें त्याला त्यांतून कळतें, आणि तेवढ्या आधारावर तो गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या साडेचार तासांच्या आंत देऊं शकतो. येथें चित्राचा सारा उपयोग त्यांत जें नाहीं त्यामुळें आहे. निदान मात्र होतें तें लुळ्या हातावरून आणि घरच्या माणसानें सांगितलेल्या वेळेवरून. "शेवटचें नीट केव्हां बोलले होते?" हा जो प्रश्न डॉक्टर पत्नीला विचारतो, त्याचें उत्तर कोणत्याहि यंत्रांत येत नाहीं.

डोकें आपटून आलेली भोंवळ, फेपरें, विषाद, भ्रम, स्मृतीची पहिली घसरण, यांपैकीं पुष्कळांत चित्र निर्दोष येतें. म्हाताऱ्याच्या मेंदूचा आकार आटलेला दिसतो, पण तसा तो कित्येक शहाण्यासुरत्या म्हाताऱ्यांचाहि आटलेला असतो. या सर्वांहून एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. प्राण जाण्याच्या क्षणभर आधीं घेतलेलें साधें सीटी आणि क्षणभर नंतर घेतलेलें सीटी यांत, मृत्यु येऊन गेल्याची खूण सांपडणार नाहीं. घनता तीच असते. म्हणूनच आपल्या देशाच्या १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपणाच्या कायद्यांत मेंदूचा मृत्यु ठरविण्याचें काम चार डॉक्टरांच्या मंडळाकडे दिलें आहे. ते रोग्याच्या डोळ्यांत प्रकाश टाकतात, श्वास आपण होऊन येतो का तें पाहतात, आणि निदान सहा तासांनीं सारें पुन्हां एकदां करतात. जीव आहे कीं नाहीं हें विचारावयाचें झालें तर शरीरालाच कांहीं तरी करून पाहावें लागतें, आणि तें उत्तर देतें का याची वाट पाहावी लागते.

आतां ज्या खटल्यांत हा सारा प्रश्न चव्हाट्यावर आला त्याकडे वळतों. २५ फेब्रुवारी १९९० रोजीं अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यांत टेरी शायव्हो या सव्वीस वर्षांच्या विवाहित स्त्रीचें हृदय एकाएकीं थांबलें. तें पुन्हां सुरू झालें खरें, पण तोंपर्यंत मेंदूला प्राणवायु न मिळाल्यानें व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. पुढें ती डोळे उघडी, झोंपे, जागी होई. कण्हे, आणि हसल्यासारखें तोंड करी. अन्न पोटांत बसविलेल्या नळीनें दिलें जाई. आईबापांना वाटे कीं आपली मुलगी आपल्याला ओळखते. नवऱ्याला, मायकेलला, वाटे कीं ती केव्हांच गेली आहे, आणि अशा स्थितींत आपल्याला जगवूं नये असें ती स्वतः बोललेली होती. १९९८ मध्यें त्यानें नळी काढण्याची परवानगी मागितली. २००० च्या फेब्रुवारींत न्यायाधीश जॉर्ज ग्रीअर यांनीं ती दिली. त्यानंतर नळी दोनदां काढून दोनदां पुन्हां बसविण्यांत आली. राज्याच्या विधिमंडळानें एक खास कायदा केला. २००५ च्या मार्चमध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें रविवारीं बसून दुसरा केला आणि अध्यक्षांनीं मध्यरात्रीनंतर उठून त्यावर सही केली. १८ मार्चला नळी तिसऱ्यांदा निघाली होती. ३१ मार्चला टेरी वारली.

या पंधरा वर्षांत दोन चित्रें देशभर फिरलीं. एक तिच्या मेंदूचें सीटी. कवटीच्या आंत जेथें करड्या पेशींची साय असावयाची तेथें काळ्या पाण्याचे रुंद पट्टे, आणि मध्यें मोठमोठीं डबकीं. तिच्या मज्जासंस्थेंत पूर्वीं उपचारासाठीं तारा बसविल्या असल्यामुळें एमआरआय काढणें अवघड होतें. त्यामुळें सीटी हीच मोठी साक्ष राहिली. अपील न्यायालयानें २००१ मध्यें तिचाच हवाला देऊन म्हटलें कीं मेंदूच्या बाह्य भागापैकीं पुष्कळसा नाहींसा झाला असून त्याची जागा पाण्यानें घेतली आहे. दुसरें चित्र हलतें होतें: कांहीं तासांच्या चित्रणांतून वेंचून काढलेले कांहीं क्षण, ज्यांत टेरीचे डोळे एका फुग्यामागोमाग फिरतात असें दिसे. सेनेटमधील एका पुढाऱ्यानें, आणि ते स्वतः हृदयाचे शल्यवैद्य होते, हें चित्रण पाहून सभागृहांत तिच्या निदानाविषयीं शंका काढली. नवऱ्याचा पक्ष म्हणे, हें पाहा, आंत कोणी नाहीं. आईबापांचा पक्ष म्हणे, हें पाहा, ती बघते आहे. न्यायालयापुढें आलेल्या पांच डॉक्टरांतहि आईबापांनीं निवडलेले दोघे एका बाजूला आणि नवऱ्यानें निवडलेले दोघे व न्यायालयानें नेमलेला एक दुसऱ्या बाजूला, अशी फूट होती.

मृत्यूनंतर शवपरीक्षा झाली. मेंदूचें वजन ६१५ ग्रॅम भरलें, म्हणजे त्या वयाच्या स्त्रीच्या मेंदूच्या सुमारें निम्मे. दृष्टीचें केंद्र इतकें नष्ट झालें होतें कीं ती आंधळी होती असा निर्वाळा देण्यांत आला. म्हणजे तो फुगा तिनें पाहिला नव्हता. स्थिर चित्र खरें ठरलें आणि हलतें चित्र खोटें ठरलें, असें म्हणून पुष्कळांनीं त्या दिवशीं प्रकरण मिटविलें. पण त्याच अहवालाच्या वेळीं तज्ज्ञांनीं आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. डोळे उघडे पण जाणीव नाहीं, अशी जी अवस्था वैद्यकांत मानलेली आहे, ती जिवंत रोग्याला पाहूनच ठरवावयाची असते. मृत मेंदू कापून ती सिद्ध किंवा असिद्ध करतां येत नाहीं. जें सांपडलें तें त्या निदानाशीं जुळतें आहे, एवढेंच त्यांनीं म्हटलें. मेंदू हातांत घेऊन, तोलून, चिरून पाहणाऱ्याला जर एवढीच मर्यादा पाळावी लागते, तर त्याची छाया पाहणाऱ्यानें किती पाळावी?

कोणी म्हणेल, ही शब्दांची कसरत आहे. निम्मा मेंदू गेल्यावर माणूस कोठून उरणार? या प्रश्नाला २००७ मध्यें मार्सेयच्या डॉक्टरांनीं 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत छापलेली हकीकत समोर ठेवावीशी वाटते. चव्वेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ डाव्या पायांत थोडी अशक्तता आली म्हणून दाखवावयास आला. सरकारी नोकर, विवाहित, दोन मुलांचा बाप. लहानपणीं डोक्यांत पाणी सांठल्याबद्दल त्याच्यावर उपचार झालेले होते, म्हणून चित्र काढलें. तर कवटीचा बहुतेक भाग काळ्या पाण्यानें भरलेला, आणि मेंदू म्हणून जो काय होता तो कवटीला आंतून लावलेल्या पातळ अस्तरासारखा. बुद्धीची कसोटी घेतली तेव्हां अंक ७५ आला. साधारणाहून कमी, पण संसार व नोकरी करण्यास पुरेसा. हें चित्र नांव झांकून कोणाहि सामान्य माणसापुढें ठेवलें, तर हा इसम रोज सकाळीं कचेरींत जातो असें तो म्हणणार नाहीं.

जाणत्या डॉक्टराला या दोन चित्रांतील भेद अर्थात् दिसतो. फ्रान्समधील गृहस्थाचा मेंदू मेलेला नव्हता. पोकळ्यांतील पाण्यानें तो वर्षानुवर्षें हळूहळू बाहेर लोटला गेला होता आणि त्या चेंगराचेंगरींत आपलें काम चालवावयास शिकला होता. टेरीच्या मेंदूंतील पेशी कांहीं मिनिटांत गुदमरल्या आणि त्यांच्या रिकाम्या जागीं पाणी आलें. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथें एक जुना धडा आठवेल. 'जेथें अग्नि तेथें धूर' ही व्याप्ति खरी नव्हे. ती ओलें सरपण असेल तरच खरी. त्या ओल्या सरपणाला नैयायिक उपाधि म्हणतात. 'जेथें काळें तेथें माणूस नाहीं' ही व्याप्तीहि अशीच सोपाधिक आहे. काळें कसें आलें, केवढ्या वेळांत आलें, उरलेल्या भागाला सवय करून घेण्यास अवधि मिळाला कीं नाहीं, ही तिची उपाधि. आणि ही उपाधि चित्रांत नाहीं, ती रोग्याच्या चरित्रांत आहे.

उलट बाजूनेंहि तोच धडा लागू पडतो. धूर नाहीं म्हणून अग्नि नाहीं असें म्हणतां येत नाहीं; तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो, हें उदाहरण आपल्या ग्रंथकारांनीं घासून गुळगुळीत केलें आहे. दुसऱ्याचें मन आपल्याला प्रत्यक्ष कधींच दिसत नाहीं. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीनें सातव्या शतकांत केवळ या प्रश्नावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. माझें बोलणें-चालणें माझ्या इच्छेमागून येतें, म्हणून दुसऱ्याचेंहि बोलणें-चालणें त्याच्या इच्छेमागून येत असलें पाहिजे, असें तें अनुमान आहे. परंतु ज्याला बोलतांहि येत नाहीं आणि चालतांहि येत नाहीं त्याचें काय करावयाचें? २००६ मध्यें केंब्रिज येथें एड्रियन ओवेन व त्याच्या सहकाऱ्यांनीं अपघातानंतर पांच महिने निश्चेष्ट असलेल्या एका तरुणीला, मेंदूंतील रक्ताची हालचाल दाखविणाऱ्या यंत्रांत ठेवून सांगितलें: आपण टेनिस खेळत आहों अशी कल्पना कर, आतां आपल्या घरांतून खोल्याखोल्यांत हिंडत आहों अशी कल्पना कर. दोन्ही वेळां, निरोगी माणसाच्या मेंदूंत जे भाग चेततात तेच तिच्या मेंदूंत चेतले. २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, सांगितलेलें कांहींहि बाहेरून न करणाऱ्या २४१ रोग्यांपैकीं ६० जणांत असा आंतला प्रतिसाद सांपडला. लोखंडाचे गोळे आपल्या समजुतीपेक्षां पुष्कळच निघाले म्हणावयाचे.

या शोधानें टेरीच्या आईबापांचें म्हणणें खरें ठरलें असें मात्र मी म्हणणार नाहीं. तिच्या मेंदूंतून जेवढें गेलें होतें तेवढें गेल्यावर टेनिसचा प्रश्न कोणीं विचारला असता तरी तो ऐकावयाला आंत कांहीं उरलें होतें असें मानण्यास आधार दिसत नाहीं, आणि खोट्या आशेचा व्यापार हा चित्राच्या अतिविश्वासाइतकाच वाईट. मला ओवेनच्या प्रयोगांत महत्त्वाची वाटते ती त्याची पद्धति. सीटी माणसाला कांहीं विचारीत नाहीं. तें टेबलावरील दगडाचें काढतां येतें तसें माणसाचें काढतां येतें. ओवेननें विचारलें. यंत्र नवें होतें, पण कृति जुनीच: रात्रीं आजाऱ्याच्या उशाशीं बसलेली आई "बाळ, ऐकूं येतंय का?" म्हणून जें करते तेंच.

पण समजा, उद्यां असें यंत्र निघालें कीं ज्यानें आंत जाणीव किती उरली आहे तें तोळामाशानें सांगावें. तेवढ्यानें टेरीचा खटला सुटला असता काय? मला वाटतें, नाहीं. ग्रीअर यांनीं २००० मध्यें निकाल दिला तो चित्रावर दिला नव्हता. ती पूर्वीं काय बोलली होती याबद्दल नवरा, त्याचा भाऊ व भावजय अशा तिघांच्या साक्षी झाल्या, आणि त्यांवरून तिला हें जिणें नको असतें असें त्यांनीं ठरविलें. मेंदूच्या स्थितीनें प्रश्न उभा केला. उत्तर तिच्या शब्दांत शोधावें लागलें. ते शब्द सासरच्या माणसांनींच सांगितलेले असल्यामुळें त्यांविषयीं शंका घेण्यास जागा होती, हें मी नाकारीत नाहीं. पण शंका घ्यावयाची तर ती तेथें घ्यावयास हवी होती. त्याऐवजीं सारा देश काळ्या पट्ट्यांवर आणि फुग्यावर भांडला. कारण "तिची इच्छा काय होती, आणि ती सांगण्याचा अधिकार कोणाचा" हा प्रश्न स्वतःवर घेण्यापेक्षां "चित्रांत काय आलें" हा प्रश्न फार सोपा वाटतो.

आपल्याकडचें उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. परळच्या केईएम रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरांत अत्याचार झाला, गळा आवळला जाऊन मेंदूचा प्राणवायु तुटला, आणि त्यानंतर ती त्याच रुग्णालयांत जवळजवळ बेचाळीस वर्षें पडून होती. पिंकी विराणी यांनीं तिच्या सुटकेसाठीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. न्यायालयानें नेमलेल्या मुंबईच्या तीन डॉक्टरांनीं तिला तपासून सांगितलें कीं जाणीव नसलेल्या जागृतीचीं बहुतेक लक्षणें तिच्यांत आहेत. रुग्णालयाच्या माणसांनीं सांगितलें कीं आवडीचें अन्न दिलें कीं तिचा चेहरा खुलतो. हें खुलणें हंसणें होतें कीं नुसती स्नायूंची हालचाल, यावर निकाल अवलंबून राहिला नाहीं. ७ मार्च २०११ च्या निकालांत, अशा रोग्यांचे उपचार उच्च न्यायालयाच्या संमतीनें थांबवितां येतील हें तत्त्व न्यायालयानें मान्य केलें. पण अरुणेच्या वतीनें बोलण्याचा अधिकार तिला इतकीं वर्षें सांभाळणाऱ्यांचा आहे असें ठरवून अर्ज फेटाळला. ती १८ मे २०१५ ला न्यूमोनियानें वारली.

विराणींचा अर्ज करुणेंतून आलेला होता आणि परिचारिकांचा नकारहि करुणेंतूनच आलेला होता. त्यांपैकीं कोणती करुणा खरी, हें सांगणारा आंकडा हाउन्सफील्डच्या मापांत नाहीं. मला स्वतःला टेरीच्या बाबतींत नवऱ्याचें आणि अरुणेच्या बाबतींत परिचारिकांचें म्हणणें पटतें, आणि यांत विसंगति आहे असें मला वाटत नाहीं. एकीनें आपली इच्छा कोणापाशीं तरी बोलून ठेवली होती असें न्यायालयाला पटलें. दुसरीला ती बोलण्याची वेळच आली नव्हती, आणि तिच्यासाठीं बोलावयास तिच्याच जागीं उभ्या राहणाऱ्या मुली होत्या. ज्या परिचारिकांनीं तिला कधीं धडधाकट पाहिलेंहि नव्हतें, त्या आपापल्या पाळींत येऊन तिचें आंग पुशीत आणि कूस बदलीत. सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या कागदांत अशी नोंद आहे कीं इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकहि शय्याव्रण झालें नाहीं. फ्लॉरिडांत २००३ मध्यें टेरीसाठीं नेमलेल्या पालकानें राज्यपालांना जो अहवाल दिला, त्यांतहि तेरा वर्षांत तिला एकहि शय्याव्रण झालें नसल्याची नोंद आहे. आणि नळी काढावी म्हणून अर्ज करणाऱ्या तिच्या नवऱ्यानें तिच्या आजारांत परिचर्येचें शिक्षण घेतलें होतें.